बूट घालण्यासाठी एक दगड

विमान खाली येऊ लागलं तेव्हा खिडकीतून आधी समुद्र दिसला आणि मग जवळजवळ त्याच फिकट रंगाची जमीन. पाणी कुठे संपतं आणि बहारीन कुठे सुरू होतं ते कळेना. शेजारचा केरळी गृहस्थ मुंबईपासून झोपला होता. चाकं टेकल्यावर त्याने डोळे उघडले, "खलास" (संपलं) म्हणाला आणि फोन चालू केला. शब्द आपल्याकडचाच, पण आखातात माझ्या कानावर पडलेला हा पहिला. पुढे तो रोज ऐकला आणि प्रत्येक वेळी तो थकलेल्या माणसाच्याच तोंडून ऐकला.

माझ्या पायात नवे कॅनव्हासचे बूट होते. सुजातावहिनीने फोनवर बजावलं होतं, चप्पल घालून येऊ नको, इथला रस्ता पायाला भाजतो. बूट मुंबईच्या विमानतळावरच चावायला लागले. मनामाला उतरले तेव्हा उजव्या टाचेवर फोड आला होता.

बाहेर राहुलदादा उभा होता. दादा माझा चुलतभाऊ. अकोल्याच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून तो इकडे आला आणि इथल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन झाला, म्हणजे इमारतींचे नकाशे काढणारा. "जयभीम" म्हणून त्याने माझी बॅग घेतली आणि खाली पायांकडे पाहिलं.

"काऊन गं, लंगडून राहिली?"

"वहिनीचे बूट."

"मलेबी असेच चावले होते," तो म्हणाला. "दोन वर्षं."

पार्किंगपर्यंत जाताना हवा तोंडावर ओल्या फडक्यासारखी बसली. मे महिना होता. अकोल्याचं ऊन मला नवीन नाही, पण ते ऊन कोरडं असतं, त्याच्याशी भांडता येतं. इथलं अंगाला चिकटून बसतं.

माझ्या व्हिसावर कारण 'भेट' असं होतं. घरी ज्या मासिकासाठी मी लिहिते त्यांना आखातातल्या मराठी माणसांवर लेख हवा होता, तेही खरं. पण मला बोलावलं होतं दादाने, आणि ते एका वेगळ्याच कामासाठी. युरोपातल्या एका गावाबाहेर, जंगलाच्या कडेला, दुसऱ्या महायुद्धातली एक छळछावणी होती. माणसांना तिथे कोंडून, राबवून मारलं आणि जाळलं. आता तिथे गवत आहे. त्या जागी स्मारक कसं असावं यासाठी जगभरातून आराखडे मागवले होते आणि दादाने एक आराखडा काढला होता. सोबत एक निवेदन जोडायचं होतं.

"तुले लिहिता येते, मले रेघा मारता येतात," तो फोनवर म्हणाला होता. "ये न बाप्पा."

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. बाबा लिहायचे, आई घड्या घालायची, मी बसस्टँडवर वाटायचे. वाचायला मी पत्रकांवरच शिकले, त्यामुळे 'बंधूंनो आणि भगिनींनो' असं न म्हणता कुठली गोष्ट सुरू करणं मला अजून जड जातं. अशा मुलीला छळछावणीवर निवेदन लिहायला सांगितलं. मी विमानातच वही भरायला घेतली होती.

दादाचं घर गुदैबियात. जुन्या, एकमेकींना खेटलेल्या इमारती, खाली किराणा दुकानं, उडपी हॉटेल, केरळी चहावाला, फोन दुरुस्त करणारा बंगाली. कोपऱ्यावरच्या भट्टीतून खुबूस (तंदुरीतली मोठी पातळ रोटी) वर्तमानपत्रात गुंडाळून मिळतो. वहिनीने त्याच्यासोबत वांग्याची भाजी केली होती, आपल्याकडच्यासारखीच, शेंगदाण्याचा कूट घालून. ती एका दवाखान्यात बिलिंगला आहे. जेवताना तिचे डोळे मिटत होते. दादाही ऑफिसातून आला की आधी अर्धा तास पंख्याखाली पडतो, मग संगणक लावतो. त्या आराखड्याचं सगळं काम असं पडल्यावरच्या आणि उठल्यावरच्या वेळात झालं होतं.

त्याने मला तो टेबलावर दाखवला. नियम कडक होते. जमीन खणायची नाही, कारण मातीत राख आणि हाडं मिसळलेली आहेत. उंच काही बांधायचं नाही. दादाने तो देश पाहिलेला नाही, बर्फही पाहिलेला नाही. फक्त जागेचे नकाशे पाहिले होते.

त्याची कल्पना साधी होती. माणूस जंगलाकडून येतो. समोर लांब, बुटका दगड, आपल्या ओट्याएवढा. त्यावर बसून त्याने बूट काढायचे, शेजारच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायचे आणि अनवाणी आत जायचं. जमिनीवर चालायला दगडी पट्टी, सगळ्या जागेला वळसा घालून ती परत ओट्याशी येते. बस्स.

"विहारात जाताना आपण काढतोच न," दादा म्हणाला. "जिथं माणसंच मातीत हायेत तिथं बूट घालून कसं जायचं?"

मला ते इतकं पटलं की मी त्याच बैठकीत लिहायला लागले. पुतळा नको, तोफ नको, झेंडा नको, जगाने फक्त पायताण काढून वाकावं! पानामागून पानं झाली. वहिनी भांडी आवरता आवरता ऐकत होती. काही म्हणाली नाही. मला वाटलं, दमली आहे.

दादाला यातून काय हवं होतं ते त्याने मला सांगितलं नाही, वहिनीने सांगितलं. ऑफिसच्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात आर्किटेक्टचं नाव पूर्ण असतं आणि ड्राफ्ट्समनची फक्त आद्याक्षरं. इतक्या वर्षांत दादाने काढलेल्या मशिदी, मॉल, शाळा बहारीनभर उभ्या आहेत आणि त्याचं नाव एकीवरही नाही. "एका कागदावर तरी पुरं नाव पाहिजे त्यायले," वहिनी म्हणाली. पण स्पर्धेचा नियम असा की प्रवेशिकेवर नोंदणीकृत आर्किटेक्टची सही हवी. ती सही देणार होत्या दादाच्या ऑफिसातल्या वरिष्ठ, नीलिमा मॅडम.

त्याआधी आम्ही तुबलीला गेलो. दादा आराखड्याची पुठ्ठ्याची छोटी प्रतिकृती करत होता, तिच्यासाठी ओट्याचा छोटा दगड कापून हवा होता. तुबली म्हणजे गॅरेजं, पत्र्याच्या शेडी, ऑइलचा वास, आणि पलीकडे ओहोटीने उघडी पडलेली खाडी. तिचा वास वेगळा. संगमरवर कापणारा मिस्त्री पेशावरकडचा, दाढीला पांढरी धूळ. एवढ्याशा कामासाठी आलेल्या माणसांकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "कबर का है?"

दादा म्हणाला, "वैसाही समझो. बहुत लोगों का."

"नाम किधर लिखना है?"

"नाम नहीं लिखना."

"फिर पत्थर किसके लिए?"

दादाच्या आधी मीच मानवता, इतिहास वगैरे माझ्या हिंदीत सांगू लागले. मिस्त्रीने मशीन चालू केलं. दगड कापून झाल्यावर पाण्याखाली धरला, अंगठ्याने कडा चाचपल्या आणि दादाच्या हातात दिला. "मफी मुश्किल" (काही अडचण नाही) म्हणाला आणि पुढच्या कामाकडे वळला. काड्यापेटीएवढा राखाडी तुकडा होता. दादा गाडी चालवताना तो मांडीवर घेऊन बसला.

नीलिमा मॅडम रिफाला राहतात. तिकडे गाडीशिवाय जाता येत नाही. रुंद रस्ते, उंच कुंपणं, रस्त्यावर माणूस नाही. मॅडम पुण्याच्या. दार त्यांनीच उघडलं. आम्ही दोघं सवयीने वाकलो आणि बूट काढायला लागलो.

"अरे असू द्या, असू द्या," त्या म्हणाल्या. तोवर आमचे बूट निघालेही होते.

आत संगमरवरी फरशी आणि एसी. पोहे आले, वर ओलं खोबरं. मॅडमनी आराखडा शांतपणे, प्रत्येक पान परत परत बघत पाहिला. पट्टीची उतरण त्यांना आवडली. उंच काही नाही हेही आवडलं. मग त्यांनी पेन्सिलीचं टोक ओट्यावर ठेवलं.

"राहुल, हे बूट काढणं नको. हे असेल तर मी सही करणार नाही."

दादाने कारण विचारलं नाही. मी विचारलं.

"तुझे पाय गार पडलेत की नाही आत्ता?" मॅडम म्हणाल्या. खरोखरच पडले होते, मी ते खुर्चीखाली एकावर एक दाबून बसले होते. "हा नुसता एसी आहे. तिथे थंडीत दगडावर बर्फ असेल. येणारी निम्मी माणसं म्हातारी असतील. ती अनवाणी चालतील?"

मला यात थंडी दिसलीच नाही. मला रिफातला बंगला दिसला, पुणं दिसलं, सहीचा अधिकार दिसला. मी म्हणाले, "अनवाणी चालणं म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही. तुम्हाला कधी कुणी चपला बाहेर ठेव म्हणून सांगितलं नाही."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "तुलाही मी नाही सांगितलं. असू द्या म्हणाले होते."

"करुणा, बस," दादा म्हणाला.

परतीच्या रस्त्यावर तो नुसती गाडी चालवत होता. मी मात्र बोलत होते. सही नको, तडजोड नको, दुसरा आर्किटेक्ट शोधू, नाही सापडला तर आराखडा आपल्या मासिकात छापू. एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "तू पंधरा दिवसांत जाशील. मले रविवारी त्यायच्याच समोर बसायचं हाय."

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: "अन् ते काढलं तर उरते काय? एक भिंत अन् एक रस्ता. कोणीबी काढंल."

शुक्रवार इथला सुट्टीचा दिवस. सकाळी गुदैबियातल्याच एका कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये बुद्धवंदना असते. सतरंजी घातलेला हॉल, टेबलावर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, पांढरे कपडे घातलेली माणसं. कुणी अमरावतीचं, कुणी नांदेडचं, कुणी चेंबूरचं. त्रिसरण-पंचशील सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं. इतक्या दूर, एसीच्या घरघरीतही चाल तीच होती. नंतर खीर आणि पुरी. एका मुलीशी मी मराठीत बोलायला गेले तर ती म्हणाली, "आंटी, आर यू ऑन यूट्यूब?" नाही म्हटल्यावर तिचा माझ्यातला रस संपला.

निघताना पॅसेजमध्ये चपला-बुटांचा नेहमीचा ढीग. सँडल, फ्लोटर, लहान मुलांचे दिवे लागणारे बूट, सगळे एकमेकांवर. वहिनीला एक चप्पल मिळाली, दुसरी सापडेना. ती ढिगात हात घालून शोधत होती आणि मधेच थांबली. तशीच वाकून राहिली.

"अहो," ती दादाला म्हणाली, "नकाशांसंगं फोटो आले होते, ते पाहिले का तुम्ही?"

"सगळे नाही. काऊन?"

"त्यात एक बुटांचा हाय. असाच ढीग. बायांचे, लेकरांचे. आत नेताना काढून घेतलेले." तिने हातातली एक चप्पल खाली ठेवली. "मी तवाच पाहिला होता. तुमचं दोघांचं इतकं रंगात चाललं होतं, मले वाटलं तुमाले माहीत असंल."

लिफ्ट आली. कुणीतरी "यल्ला, यल्ला" (चला, चला) म्हणून आमच्या अंगावरून गेलं. नांदेडच्या बाईंनी वहिनीची दुसरी चप्पल शोधून दिली आणि पुढच्या शुक्रवारी डबा कुणाकडे ते विचारलं. वहिनीने तेही व्यवस्थित सांगितलं. आम्ही जिना उतरलो. दादा बूट हातात घेऊनच खाली आला होता. रस्त्यावर पाय भाजल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

घरी त्याने तो फोटो उघडला. मी तो इथे सांगणार नाही. आम्ही दारात उभं राहून तेच करायला सांगणार होतो. बसा, काढा, कोनाड्यात ठेवा. नीटनेटकं.

"पण आपण मान द्यायला सांगत होतो," मी म्हणाले. "ते वेगळं."

दादा फोटोकडे बघत राहिला. "आपले आजोबा, आबा, ते पाटलाच्या गल्लीतून जाताना चपला हातात घ्यायचे. माहीत हाय न तुले?"

मला माहीत नसेल कसं? बाबांचं एक अख्खं पत्रक त्याच गल्लीवर होतं. ते मी वाटलेलं आहे, पाठ आहे.

"पाटीलबी मानच म्हणे त्याले," दादा म्हणाला.

वहिनी सोफ्यावर आडवी झाली होती. डोळे मिटूनच म्हणाली, विहारात आपण आपल्या मनानं काढतो, दारात कोणी उभा राहून सांगत नाही. मग तिला झोप लागली. मी रिफाच्या त्या दाराचा विचार करत बसले. मॅडम म्हणाल्या होत्या ते थंडीचं होतं, म्हातारपणाचं होतं. एवढं साधं कारण असू शकतं हे मला सुचलंच नव्हतं.

दुपारी दादा प्रतिकृतीसमोर बसला, हातात कटर. रविवारी प्रवेशिका पाठवायची होती. त्याने आधी कोनाड्यांची भिंत काढली. पुठ्ठ्याची होती, एका ओढीत निघाली. मग दगडी पट्टी काढली. तिच्या जागी जमिनीपासून वर उचललेला फळ्यांचा रस्ता करायचं ठरलं, नुसता टेकवलेला, न खणता. त्यावरून बूट घालून चाललं तरी कुणाचा पाय मातीला लागणार नाही. तो प्रत्येक गोष्ट करताना वहिनी जागी आहे का ते बघत होता, जणू तिची परवानगी हवी होती. शेवटी मिस्त्रीने कापलेला तुकडा राहिला. तो घट्ट चिकटला होता. दादाने कटरचं पातं हळूहळू खालून फिरवलं आणि तो सुटा केला.

"आता हा कुठं?" मी विचारलं.

त्याने तो तळहातावर तोलला. प्रवेशापाशी ठेवून पाहिला, उचलला. मधे ठेवून पाहिला, उचलला. मग रस्ता जिथून जंगलाकडे बाहेर पडतो तिथे ठेवला.

"जाताना बसायचं. नाडी सुटली असंल तर बांधायची. अन् निघायचं."

"आणि सुटली नसली तर?"

"तर नुसतं बसायचं. थकला असंल माणूस."

त्या माणसांना बूट परत घालून तिथून निघता आलं नव्हतं, हे आमच्यापैकी कुणीच बोललं नाही. त्याने दगडाखाली गोंद लावला आणि वाळेपर्यंत बोटाने दाबून धरला.

मी माझं निवेदन काढलं. पानं खूप होती आणि सगळी जोरात बोलत होती. मी खोडत गेले. संध्याकाळपर्यंत तीन ओळी राहिल्या: इथल्या मातीवर कुणाचं पाऊल पडणार नाही. इथे कुणाला काहीही काढायला सांगितलेलं नाही. जाताना बसायला एक दगड आहे. दादाने त्यांचं इंग्रजी केलं. एवढं कमी मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. सही होते की नाही याची धाकधूक होतीच, पण त्याहून जास्त थकवा होता, चांगल्यातला.

शनिवारी पुन्हा रिफा. या वेळी मॅडम "असू द्या" म्हणाल्या तेव्हा आम्ही बूट काढले नाहीत. त्यांनी नवी पानं पाहिली. मी मागच्या बोलण्याबद्दल काही म्हणावं असं ठरवून आले होते, पण शब्द पत्रकासारखे जुळायला लागले, म्हणून गप्प राहिले.

"हा दगड बाहेर पडताना का?" त्यांनी विचारलं.

दादाने सांगितलं. फोटोचं सांगितलं, आणि मग, ऑफिसात इतकी वर्षं कधी सांगितलं नसेल ते, आबांचंही सांगितलं. मॅडम ऐकत होत्या. पोहे तसेच राहिले. नंतर त्यांनी आर्किटेक्टच्या चौकटीत सही केली आणि कागद दादाकडे सरकवला. खालची ओळ रिकामी होती.

"पूर्ण नाव लिहा," त्या म्हणाल्या. "आद्याक्षरं नकोत."

दादाचं अक्षर नकाशावर छापल्यासारखं येतं. त्या ओळीवर ते वाकडं आलं.

निघताना मॅडमचं लक्ष माझ्या चालण्याकडे गेलं. त्या आत जाऊन जखमेची चिकटपट्टी घेऊन आल्या. मी त्यांच्या पायरीवर बसून ती टाचेला लावली. थँक्यू म्हणाले. त्या म्हणाल्या, बूट एक नंबर मोठे घे. एवढंच.

निकाल मी घरी परतल्यावर लागला. दादाचा आराखडा निवडला गेला नाही. त्याने ऑफिसातून येऊन फोन केला, आवाज रोजच्यासारखाच दमलेला. प्रतिकृती कपाटावर ठेवली आहे म्हणाला, आणि प्रवेशिकेची प्रत बाबांना पाठवली आहे. बाबांनी ती पत्रकांच्या गठ्ठ्यात न ठेवता भिंतीला लावली. मासिकाला हवा होता तो लेख मला अजून जमलेला नाही. सुरुवातीला 'बंधूंनो' आलं की मी पान बदलते.

परत येतानाचं एवढं सांगायचं आहे. मनामाच्या विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यापाशी शिपाई म्हणाला, "शूज." माझ्या पुढे-मागे सगळ्यांनी निमूटपणे काढले. मजूर, साहेब, बुरख्यातल्या बाया, झोपाळलेली मुलं. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये बूट एकामागून एक काळ्या पडद्याआड गेले. मी मोज्यांवर उभी होते. फरशी गार होती. माझा ट्रे यायला जरा वेळ लागला आणि त्या वेळात माझी नजर पडद्यावरून हलली नाही.

मग तो आला. दोन्ही बूट त्यात होते. पलीकडे भिंतीलगत एक लांब बाक होता. त्यावर माणसं ओळीने बसून वाकून बूट घालत होती, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मला जागा मिळाली. मी नाड्या बांधल्या, उजवी जरा सैल. बांधून झाल्यावरही तशीच बसून राहिले. एक म्हातारा हातात बूट घेऊन समोर उभा राहिला, तेव्हा उठले आणि त्याला बसायला जागा दिली.